पायाची जखम आणि पिशवीभर कागद



आपल्या या वार्तापत्रात लागणीपासून तोडणीपर्यंत आणि खोडव्यापासून ठिबकपर्यंत सर्व विषयांवर माहिती येत असते. माती परीक्षणाचा अहवाल कसा वाचावा हे आता आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण स्वतःच्या अंगाचा अहवाल मात्र आपण वाचत नाही, जपत नाही, आणि दवाखान्यातून निघताना तो मागून घ्यायचेही ध्यानात राहात नाही. त्याने काय होते ते आमच्या घराने आठ वर्षे भोगले. ते इतरांच्या वाट्याला येऊ नये म्हणून प्रस्तुत लेख लिहीत आहे. मी डॉक्टर नाही, एक साधा ऊस उत्पादक सभासद आहे. वैद्यकीय भाग जाणकारांना विचारून, समजून घेऊन लिहिला आहे.

शहागंजची गाडी

आम्ही दोघे भाऊ. वडिलांच्या मागे जमीन मी सांभाळली आणि थोरले बंधू, आमचे अण्णा, शहरात गेले. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याजवळ त्यांची कटपीसची हातगाडी. ज्यांनी शहागंज पाहिले आहे त्यांना तिथली गर्दी सांगायला नको. एका अंगाला चमन आणि गांधीजींचा पुतळा, दुसऱ्या अंगाला राजाबाजार आणि सराफ्याकडे जाणारे रस्ते, आणि मधे कपडे, चपला, फळे, बांगड्या यांच्या गाड्यांची रांग. गाडीवाल्याला बसायला जागा नसते. गिऱ्हाईक बसलेल्या माणसाकडे थांबत नाही, असे अण्णा म्हणत. सकाळी दहाला उभे राहायचे ते रात्री नऊपर्यंत. रमजानात आणि दिवाळीत बारा वाजायचे. अशी तीस वर्षे गेली.

पायाच्या शिरा फुगून गाठी-गाठी दिसू लागल्या होत्या. संध्याकाळी घोटे सुजत, चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटे. घोट्याच्या वरची कातडी खाजे आणि हळूहळू ती काळपट झाली. कोणी लक्ष दिले नाही. २०१५ च्या पावसाळ्यात गाडीच्या चाकाची लोखंडी पट्टी डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला घासली. नखाएवढे खरचटले. ते पंधरा दिवसांत भरायला पाहिजे होते. भरले नाही. दिवाळीपर्यंत रुपयाएवढे झाले आणि पुढच्या उन्हाळ्यात तळहाताएवढे.

मग सुरू झाले ते आपल्या सगळ्यांच्या घरात होते तेच. हळद झाली, चुना झाला, कोणी तंबाखूची पूड सांगितली. कोणी म्हणाले, "तुमच्याच कारखान्याची साखर भरा." (साखरेने जखमेतले पाणी ओढले जाते हे खरे आहे आणि काही रुग्णालयांत डॉक्टर तसा उपचार करतही आले आहेत. पण तो त्यांच्या देखरेखीखाली, नीट साफ केलेल्या जखमेवर. घरच्या डब्यातली साखर भरणे वेगळे.) नंतर एक दवाखाना, मग दुसरा, मग ड्रेसिंग करणारा कंपाउंडर. एकदा एका खाजगी दवाखान्यात चार दिवस भरतीही केले. दर वेळी नवा कागद, नवे इंजेक्शन, नवे मलम. उसाचे बिल जमा झाले की पहिला वाटा अण्णांच्या पायाला जायचा. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा ऊस सरळ या पायालाच घातला जातोय बघा." बोलल्या हसून, पण डोळ्यांत पाणी होते.

"बाबा, तुमच्या पायाला नंबरच नाही"

अण्णांची मुलगी बी. फार्म. झाली आणि पुण्याला एका कंपनीत लागली. काम काय, तर 'मेडिकल कोडिंग'. आम्हाला काही समजले नव्हते. २०२३ च्या दिवाळीला ती घरी आली तेव्हा तिने समजावून सांगितले. अमेरिकेत रुग्ण दवाखान्यात जाऊन आला की डॉक्टरने लिहिलेला कागद इकडे संगणकावर येतो. तो वाचून रोगाला आणि उपचाराला ठरलेले नंबर द्यायचे. त्या नंबरावरून तिकडची विमा कंपनी दवाखान्याला पैसे देते. कागदात जे लिहिले नाही त्याला नंबर देता येत नाही. अंदाजाने दिला तर चूक, आणि पैसे परत.

त्याच दिवशी तिने बापाच्या कागदांची पिशवी मागितली. खताच्या दुकानात मिळते तसली कापडी पिशवी, तोंडापर्यंत भरलेली. तिने सगळे कागद ओट्यावर तारखेप्रमाणे मांडले. दोन तास लागले. निम्म्या चिठ्ठ्यांवर तारीख नव्हती. काहींवर नुसते औषधाचे नाव. "पायाची जखम, ड्रेसिंग" असे अकरा ठिकाणी लिहिलेले. कोणता पाय, पायावर कुठे, केवढी, किती खोल, कशामुळे, यातले काही नाही. एका चिठ्ठीवर मधुमेहाची जखम असे लिहिलेले, आणि त्याच आठवड्यातला साखरेचा अहवाल चांगला. दुसऱ्यावर अपघाताची जखम. २०१९ च्या डिस्चार्ज कार्डावर तर चक्क उजवा पाय!

पोरगी शेवटी म्हणाली, "बाबा, मी रोज तिकडच्या माणसांच्या पायांना नंबर देते. तुमच्या पायाला आठ वर्षांत नंबरच नाही. नंबर द्यावा असं कोणी लिहिलंच नाही यात."

अण्णा म्हणाले, "पाय तर समोर आहे ना. बघून घ्यावं डॉक्टरांनी."

यावर तिने जे उत्तर दिले ते आम्हा शेतकऱ्यांना लगेच पटले. ती म्हणाली, "काका, ऊस रानात उभा आहे, दिसतो आहे. मग नोंद कशाला करता?"

नोंद कशाला?

खरेच, कशाला करतो आपण उसाची नोंद? गट नंबर, लागणीची तारीख, जात, आडसाली की पूर्वहंगामी की सुरू की खोडवा, क्षेत्र किती गुंठे. हे सर्व शेतकी खात्याच्या दप्तरी लागते तेव्हा तोडीचा क्रम लागतो. नोंद नसेल तर ऊस कितीही चांगला असो, फडात उभा राहतो आणि वाळतो. तोडचिठ्ठी नसेल तर गाडी काट्यावर घेत नाहीत. वजनपावतीवर खाडाखोड असली तर बिल अडकते. चाळीस टन ऊस घातला आणि पावती दुसऱ्याच्या नावाने फाटली, तर त्या चाळीस टनांना काय किंमत?

पायाच्या जखमेचेही तसेच आहे. जखम सर्वांची सारखी दिसते, पण जात वेगळी असते. जातीप्रमाणे उपचार बदलतो. जात लिहिली नाही तर पुढचा डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, आणि रोगी आठ वर्षे फडात उभा राहतो.

जखमेची जात कोणती

पायातले रक्त वर हृदयाकडे न्यायचे काम शिरा करतात. वर चढलेले रक्त परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये ठिकठिकाणी झडपा असतात. विहिरीच्या मोटरच्या फूटव्हॉल्व्हसारख्याच म्हणा. आणि पंप म्हणजे पोटरीचे स्नायू. माणूस चालतो तेव्हा पोटरी आवळते आणि रक्त वर ढकलले जाते. नुसते उभे राहिले की पंप बंद. उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेतला दाब सुमारे ९० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. झडपा चांगल्या असतील तर चालताना तो तीसच्या आसपास किंवा त्याखाली उतरतो. झडपा निकामी झाल्या तर चालूनही तो फारसा उतरत नाही. मग घोट्याजवळ पाणी साचते, कातडी काळी व कडक होते, आणि एका बारीक खरचटीचे निमित्त होऊन जखम उघडते. शिरेच्या दोषाने होणारी ही जखम सहसा घोट्याच्या वर, आतल्या अंगाला असते. ती उथळ असते, कडा वेड्यावाकड्या असतात, लस फार येते.

शुद्ध रक्ताच्या धमन्या तुंबून होणारी जखम बहुधा बोटांवर किंवा टाचेवर होते, पाऊल गार पडते, नाडी लागत नाही, दुखणे फार. मधुमेहाची जखम बहुधा तळव्याला, जिथे संवेदना गेलेली असते तिथे. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायालाही तळव्याला जखमा होतात. आणि वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमेच्या कडा उचलल्या, तिथे मांस वाढू लागले, तर क्वचित कर्करोगही निघतो. तेव्हा तुकडा काढून तपासावा लागतो.

शिरेच्या जखमेवर खरा उपचार म्हणजे दाब देणारी पट्टी, नीट, थरावर थर बांधलेली. पाय उंच ठेवणे, चालणे, आणि नादुरुस्त शिरेवर इलाज. पण धमनी तुंबलेली असेल आणि तीच घट्ट पट्टी बांधली, तर पाय जाण्याची वेळ येते. म्हणून पट्टीच्या आधी घोट्याजवळचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहतात. घोट्याचा आकडा भागिले दंडाचा आकडा. उत्तर ०.८ च्या खाली आले तर तज्ज्ञाला विचारल्याशिवाय घट्ट पट्टी बांधू नये. सांगायचे कारण, अण्णांच्या पिशवीत हा आकडा एकाही कागदावर नव्हता. त्यामुळे पट्टी बांधायची की नाही हे धड कोणी ठरवले नाही. कोणी बांधली, कोणी सोडली.

आपल्याकडे जखमेची प्रतवारी करणे हे काही परदेशातून आलेले नाही. सुश्रुतसंहितेत व्रणाचे प्रकार, त्याची जागा, आकार, स्राव, वास, वेदना यांचा विचार आहे. व्रणावरचे साठ उपक्रम सांगितले आहेत आणि पट्टी बांधण्याचे चौदा प्रकार. आधी व्रण ओळखा, मग हात लावा, हीच शिस्त तिथे आहे. आपण मात्र "पायाची जखम" या दोन शब्दांवर आलो.

नंबर म्हणजे काय

रोगांना नंबर देण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत १८९३ पासूनची आहे. त्या वर्षी बर्टिलाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाची मृत्यूच्या कारणांची यादी मान्य झाली. १९४८ मध्ये सहाव्या आवृत्तीपासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर होऊन १९९४ पासून वापरात आली. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तरी पुष्कळ ठिकाणी काम अजून दहावीवर चालते.

दहाव्या आवृत्तीत पायाच्या फुगलेल्या शिरा आणि त्यांच्यामुळे झालेली जखम यांचा नंबर आय-८३.० असा आहे. जखमेबरोबर दाहही असेल तर आय-८३.२. शिरा फुगलेल्या आहेत, पण जखम नाही आणि दाहही नाही, तर आय-८३.९. कारण न लिहिता नुसती पायाची जुनी जखम म्हटले तर एल-९७. अपघाताने गुडघ्याखाली उघडी जखम झाली तर एस-८१. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे नंबर ई-११ पासून. म्हणजे तोच पाय, तीच जखम. लिहिणाऱ्याने काय लिहिले त्याप्रमाणे ती चार वेगवेगळ्या घरांत जाऊन बसते. अमेरिकेत याच्याही पुढे जातात. तिथे डावा-उजवा, पोटरी की घोटा, जखम कातडीपुरती की चरबीपर्यंत की स्नायूपर्यंत, या प्रत्येकाला वेगळा आकडा आहे. डाव्या घोट्याला शिरेची जखम असेल तर आय-८३.०२३, आणि ती चरबीपर्यंत गेली असेल तर सोबत एल-९७.३२२. पुतणी रोज हेच करते.

डॉक्टर मंडळींची आणखी एक प्रतवारी आहे. १९९४ साली ठरलेली, शून्य ते सहा अशा पायऱ्यांची. दुसरी पायरी म्हणजे फुगलेल्या शिरा, तिसरी सूज, चौथी काळी-कडक कातडी, पाचवी भरून आलेली जखम, सहावी उघडी जखम. अण्णा दुसऱ्या पायरीवर असताना कोणी तसे लिहून ठेवले असते आणि पुढे तिसरीची नोंद केली असती, तर ही घसरण कागदावर दिसली असती. नोंदीचा खरा उपयोग हा आहे. एका दिवसाचा कागद फारसे सांगत नाही. एकापुढे एक ठेवले की कागद बोलतात.

फाईल परत आली

आपल्या राज्यात २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पुढे ती सर्व राज्यभर झाली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे. योजनेत दवाखान्याने ऑपरेशनच्या आधी मंजुरी मागायची असते. कागद, अहवाल, फोटो संगणकावरून पाठवायचे आणि तिकडचे डॉक्टर ते तपासून मंजुरी देतात. म्हणजे तपासणारा डॉक्टर रोग्याचा पाय पाहात नाही, कागद पाहतो. हे प्रत्येकाने ध्यानात धरावे.

२०२४ च्या जानेवारीत एका रुग्णालयात अण्णांच्या शिरेच्या ऑपरेशनची फाईल गेली. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही, कारण दोष आमचाही होता. आठ दिवसांत फाईल शंका काढून परत आली. तीन शंका. पहिली, अर्जात उजवा पाय, डॉपलर सोनोग्राफीत डावा. लिहिणाऱ्याने २०१९ चे ते चुकीचे कार्ड समोर ठेवून उतरवून घेतले होते. दुसरी, डॉपलर २०२१ चा, जुना. तिसरी, जखमेचा फोटो आहे पण त्यावर तारीख नाही आणि माप नाही, त्यामुळे तो कोणाच्या पायाचा व कधीचा हे कळत नाही.

अण्णा त्या दिवशी पायरीवर बसून राहिले. मला म्हणाले, "तू घरी जा. ऊस तोडायला टोळी आली असेल. माझं काय, आठ वर्षं झाली, अजून दोन होतील." मी त्यांना आयुष्यात प्रथमच इतके खचलेले पाहिले. गाडी महिनाभर बंद होती. गाडी बंद ठेवली तर शहागंजमधली जागा टिकत नाही, कोणीतरी दुसरा गाडी लावतो.

तेथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मात्र वेळ दिला. त्यांनी पुतणीची तारीखवार यादी वाचली. "अशी यादी घेऊन आलेले नातेवाईक तुम्ही पहिलेच," म्हणाल्या. मग नवा डॉपलर झाला. घोट्याचा व दंडाचा रक्तदाब मोजला, तो आकडा लिहिला. जखमेशेजारी कागदी मोजपट्टी ठेवून, तारीख घालून फोटो काढला. लांबी ६ सेंटिमीटर, रुंदी ४ सेंटिमीटर, खोली चरबीपर्यंत, लस पुष्कळ, डावा पाय, घोट्याच्या वर आतली बाजू, मुदत आठ वर्षे, मधुमेह नाही. चार ओळी झाल्या. आठ वर्षांत प्रथमच त्या चार ओळी एका कागदावर आल्या.

आणि उजव्या पायाची चूक? ती त्यांनी खोडरबराने किंवा पांढऱ्या रंगाने पुसली नाही. त्यावर एक सरळ रेघ मारली, खालचा शब्द वाचता येईल अशी. शेजारी 'डावा' लिहिले, तारीख टाकली, सही केली. चूक लपवली की कागद संशयास्पद होतो. चूक दुरुस्त केलेली दिसली की कागद खरा राहतो. आपल्या काट्यावरचा नियम याहून वेगळा आहे काय?

फाईल पुन्हा गेली आणि मंजूर झाली. मार्चमध्ये ऑपरेशन झाले. वर दाबाची पट्टी चालूच. दर आठवड्याला माप, तेच लिहायचे. ६ बाय ४ चे ५ बाय ३ झाले, मग ३ बाय २. अण्णा गाडीवर परतले नव्हते, पण हे आकडे ते तोंडपाठ सांगत. जूनच्या सुरुवातीला जखम बंद झाली.

अभ्यास काय सांगतो

इंग्लंडमध्ये या विषयावर दोन मोठ्या चाचण्या झाल्या. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५०० रुग्ण होते. नुसती पट्टी आणि पट्टी अधिक शिरेचे ऑपरेशन अशी तुलना केली. जखम भरण्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखे राहिले, पण वर्षाच्या आत जखम पुन्हा उघडण्याचे प्रमाण नुसत्या पट्टीत २८ टक्के, तर ऑपरेशन केलेल्यांत १२ टक्के होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत ४५० रुग्ण होते. शिरेवर लवकर इलाज केलेल्यांची जखम ५६ दिवसांत भरली, उशिरा केलेल्यांची ८२ दिवसांत. (हे मधले आकडे आहेत, कोणाला कमी लागले, कोणाला जास्त.) थोडक्यात, जखमेची जात लवकर ओळखून शिरेवर लवकर इलाज केला तर फायदा आहे. आणि हे कळले कशावरून? कोणीतरी शेकडो पायांची मापे आठवड्यामागून आठवडे नीट लिहून ठेवली म्हणून.

वरचे आकडे हेही सांगतात की ऑपरेशननंतरही जखम परत उघडू शकते. अण्णांचीही गेल्या पावसाळ्यात, २०२५ च्या जुलैत, उघडली. पण या वेळी एक सेंटिमीटर असतानाच वहिनींनी मोजपट्टी ठेवून फोटो काढला आणि तिसऱ्या दिवशी दाखवायला नेले. डॉक्टरांनी जुना कागद पाहिला, काही विचारावे लागले नाही. पाच आठवड्यांत बंद झाली. पहिल्या वेळी आठ वर्षे लागली होती.

आपण काय करावे

माझ्या अनुभवावरून सभासदांना काही सूचना कराव्याशा वाटतात.

१) पायाची जखम दोन आठवड्यांत भरू लागली नाही तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांना दाखवावी. पाय गार असेल, बोटे काळी पडत असतील, ताप असेल किंवा पाय एकाएकी सुजला असेल तर दोन आठवडेही थांबू नये. शासकीय रुग्णालय कमी समजू नये. शहागंजपासून जवळच असलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, ज्याला आपण घाटी म्हणतो, १९५६ पासून मराठवाड्याच्या सेवेत आहे.

२) घरी एक वही करावी. पहिल्या पानावर नाव, वय, कोणता पाय, पायावर कुठे, जखम केव्हा सुरू झाली, मधुमेह आहे की नाही, पूर्वी काय उपचार झाले. पुढच्या पानांवर दर आठवड्याला तारीख, लांबी, रुंदी, लस किती, दुखते किती, कोणती पट्टी.

३) फोटो काढताना शेजारी मोजपट्टी व तारखेची चिठ्ठी ठेवावी. प्रत्येक वेळी तेवढ्याच अंतरावरून काढावा.

४) डॉक्टरांनी लिहिलेल्या कागदावर डावा की उजवा हे निघण्यापूर्वी पाहावे. चुकले असेल तर नम्रपणे तिथेच सांगावे. विचारावे, "डॉक्टरसाहेब, जखम कशामुळे आहे ते तेवढं लिहून द्या." यात डॉक्टरांचा अपमान नाही.

५) भरती झालेल्या रुग्णाचे कागद डॉक्टरांनी तीन वर्षे जपावेत आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यावेत, असे डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत आहे. आपला हक्क आहे, मागून घ्यावेत.

६) योजनेत कोणते उपचार बसतात, कोणते कागद लागतात हे वेळोवेळी बदलते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना आधी विचारावे. फाईल परत आली म्हणजे नाकारली असे नव्हे. शंका काय ती लेखी विचारून पूर्तता करावी.

७) जखम बंद झाली म्हणजे काम संपले नाही. दाबाचे पायमोजे डॉक्टर सांगतील तितके दिवस वापरावेत. ते किती जाड हे धमनी तपासून डॉक्टरच ठरवतात. दुकानातून आपल्या मनाने घेऊ नयेत.

टोळीतल्या माणसांसाठी

शेवटी एक गोष्ट आपल्या कारखान्याला उद्देशून. आपल्या फडात दर हंगामाला ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पाचटाने, कोयत्याने, खोडक्याने त्यांच्या पायाला रोज काहीतरी लागते. दिवसभर उभे राहणे, वर मोळीचे ओझे. कोणाची जखम गावी सुरू होते, उपचार फडाजवळच्या दवाखान्यात, आणि पट्टा पडला की कागद इथेच राहून माणूस गावी. पुढच्या वर्षी दुसरा कारखाना, दुसरा डॉक्टर, पुन्हा "पायाची जखम". अण्णांना निदान कागद मांडून दाखवणारी मुलगी होती.

टोळीच्या प्रत्येक बैलगाडीची, प्रत्येक ट्रॅक्टरची नोंद आपल्याकडे आहे. कोणत्या मुकादमाला किती उचल दिली हे पैशापर्यंत लिहिलेले आहे. त्याच काटेकोरपणे प्रत्येक तोडकऱ्याला एक जाड पुठ्ठ्याचे घडीचे कार्ड देता येईल. त्यावर वर सांगितलेले चार-सहा रकाने. हंगामात कारखान्याच्या आरोग्य शिबिरात ते भरावे आणि जाताना माणसाच्या हातात द्यावे. खर्च साखरेच्या एका पोत्याइतकाही येणार नाही. मा. चेअरमनसाहेब व संचालक मंडळाने येत्या हंगामापूर्वी याचा विचार करावा, ही नम्र विनंती. कार्डाचा नमुना तयार करून द्यायला माझी पुतणी तयार आहे.

अण्णांनी आता शहागंजच्या गाडीवर एक लोखंडी स्टूल ठेवले आहे. अर्ध्या तासाने बसतात, पाय वर करतात, मग मनोऱ्यापर्यंत चालून येतात. शेजारचे गाडीवाले सुरुवातीला हसले. आता त्यांच्यातले दोघे स्वतःचे पाय अण्णांना दाखवतात आणि अण्णा त्यांना विचारतात, "कधीपासून? डावा का उजवा? लिहून ठेवलंय का?"

— एक सभासद